एकट्याचा प्रवास आणि दुसऱ्याचे घर

२०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाठीवर एक पिशवी टाकून एकट्याने युरोपात तीन आठवडे हिंडलो आणि त्याच वर्षीच्या एका दिवाळी अंकात त्यावर एक प्रवासवर्णन लिहिले. लेख बरा जमला आहे अशी आमची समजूत होती. महाविद्यालयातील सहकाऱ्यांनी तो वाचला, दोन-तीन विद्यार्थ्यांनी 'सर, आम्हांलाही असेच जायचे आहे' असे सांगितले. त्यानंतर नेदरलँड्समधून आमच्या एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याच्या आईने तो अंक त्याला पोस्टाने पाठवला होता. त्याने लेखाची स्तुती केली, ऱ्हाइनच्या काठाचे वर्णन आवडल्याचे सांगितले आणि मग सहज विचारावे तसे विचारले, "पण एक सांग, तू वाखेनिंगनला उतरला कुणाकडे होतास?"

आम्ही त्याच्याकडेच उतरलो होतो. एकवीस रात्रींपैकी चार रात्री त्याच्या घरी काढल्या होत्या. आमच्या लेखात त्या चार रात्रींसाठी एक वाक्य होते : तेथे एका स्नेह्याकडे मुक्काम केला. मे १९४५ मध्ये ज्या हॉटेलात नेदरलँड्समधील जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी झाली, ते 'हॉटेल दे वेरेल्ड' त्याच गावात आहे. त्या हॉटेलावर आम्ही तीन परिच्छेद लिहिले होते. हॉटेलात आम्ही पाऊलही ठेवले नव्हते. बाहेरून पाहिले, भिंतीवरची पाटी वाचली आणि उरलेली माहिती नंतर मिळवली. ज्या घरात जेवलो, झोपलो, ज्या घरात एका रात्री आमच्या आयुष्यातील एक अवघड संभाषण झाले, त्या घरावर मात्र एक वाक्य.

मित्राच्या प्रश्नात राग नव्हता. राग असता तर क्षमा मागून मोकळे होता आले असते. त्याला खरोखरच कुतूहल वाटत होते, आणि त्या कुतूहलाने आम्हांला जे विचार करायला लावले ते येथे मांडावे असे वाटते. हा प्रश्न आमच्या एका लेखापुरता नाही. मराठी प्रवासवर्णन शिकवताना आणि लिहिताना आपण काय गाळतो, याचा तो प्रश्न आहे.

प्रवासवर्णनाचा जो साचा आपल्या हाती आला आहे त्यात यजमानाची जागा प्रस्तावनेत असते. तेथे त्याचे, त्याच्या पत्नीचे आणि मोटार चालवणाऱ्या त्याच्या भाच्याचे आभार मानले जातात. मग पुस्तक सुरू होते आणि यजमान नाहीसा होतो. उरतात वस्तुसंग्रहालये, पूल, पुतळे, हवा, आणि त्या सर्वांकडे पाहणारा एक लेखक. वाचकाला असे वाटते की हा मनुष्य सकाळी आकाशातून शहरात उतरतो आणि संध्याकाळी पुन्हा आकाशात जातो. त्याचे कपडे कोठे वाळतात, त्याला सकाळचा चहा कोण देते, त्याच्यामुळे कोणाच्या मुलीला आपली खोली सोडून दिवाणखान्यात झोपावे लागते, हे पुस्तकात येत नाही.

आपल्या परंपरेचा आरंभ असा नव्हता, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. गोडसे भटजी का निघाले हे ते लपवत नाहीत. घरावर कर्ज होते आणि दक्षिणा मिळवायची होती. कोणी आसरा दिला, कोणी काय दिले आणि दिलेले वाटेत कसे लुटले गेले, याचा हिशेब हा त्या पुस्तकाचा कणा आहे. धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' घ्या. गोव्यातून निघालेला हा तरुण पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा भटकला आणि पुढे १९१० साली प्राध्यापक वूड्स यांच्या निमंत्रणावरून हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या कामासाठी गेला. पाठीवर वळकटी टाकून एकट्याने देशोदेशी हिंडलेला मराठी मनुष्य शोधायचा तर प्रथम कोसंबींकडेच जावे लागेल. पण 'निवेदन' वाचताना एकटेपणाची फुशारकी कोठेही भेटत नाही. कोणी जेवू घातले, कोणी तिकिटाला मदत केली, कोणाच्या आधाराने विद्या मिळाली, याचे ऋण तेथे जागोजाग मोकळेपणाने नोंदलेले आहे. मागे सोडलेल्या पत्नीची आणि लहान मुलीची टोचणीही त्या कहाणीतून पुसली गेलेली नाही.

आणखी एक उदाहरण आमच्या मनात कायम घर करून आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली पतीला मागे ठेवून अमेरिकेला गेल्या. तेथे न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंचे घर त्यांना मिळाले. आधी केवळ पत्रांतून जडलेला स्नेह. त्या स्नेहाच्या बळावर एका अठरा वर्षांच्या मुलीने समुद्र ओलांडला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. वैद्यकीची पदवी घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. पुढे त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत पाठवण्यात आली आणि पोकीप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, ती ठेवली गेली. आनंदीबाईंची कथा आपण 'एकटी स्त्री सातासमुद्रापार गेली' अशी सांगतो, आणि ते खरे आहे. पण ती कथा जेथे संपते ती जागा यजमानीणबाईंच्या घराण्याची आहे. यजमानाचे घर वगळले तर ही कथा पुरी सांगताच येत नाही.

मग मधल्या काळात काय झाले? आमच्या मते दोन गोष्टी झाल्या. पहिली ही की प्रवास हे देणेघेणे न राहता दर्शन झाले. आगबोटीची जागा विमानाने घेतली, सहलीच्या कंपन्या आल्या आणि पाहण्याच्या स्थळांची यादी हीच प्रवासाची रूपरेषा ठरली. दुसरी गोष्ट अलीकडची. सहलीच्या कंपन्यांचा कंटाळा आलेल्या पिढीने पाश्चात्त्य तरुणांची पाठपिशवी उचलली. टोनी आणि मोरीन व्हीलर या जोडप्याने १९७३ साली 'लोन्ली प्लॅनेट'चा आरंभ केला तो स्वस्तात आशिया ओलांडण्याची माहिती देणाऱ्या एका लहानशा पुस्तिकेने. त्या वाटेवरून युरोपातली हजारो मुले हिंदुस्थानात आली. पुढे तीच वाट उलट्या दिशेने आपल्या मुलांना खुणावू लागली. 'सोलो' हा शब्द आता जळगावच्या महाविद्यालयाच्या आवारातही ऐकू येतो. त्या शब्दात एक अभिमान आहे : माझे मी केले, कोणाचे काही घेतले नाही.

हा अभिमान आम्हांलाही होता, आणि तो किती पोकळ होता हे आमच्याच पिशवीने आम्हांला दाखवले. प्रथम व्हिसाचे पाहा. जर्मन किंवा डच मुलगा पाठपिशवी घेऊन निघतो तेव्हा त्याचे पारपत्र त्याला बहुतेक दारे उघडून देते. भारतीय पारपत्राच्या मनुष्याला आधी सांगावे लागते की तो कोठे उतरणार, पैसे कोठून आणणार आणि परत नक्की कधी जाणार. आमच्या मित्राने कामावरून अर्धा दिवस रजा काढली, नगरपालिकेत जाऊन आमच्या मुक्कामाची हमी देणाऱ्या कागदावर सही केली आणि ती साक्षांकित करून घेतली. तो कागद आमच्या अर्जाला जोडलेला होता. म्हणजे आमचा एकट्याचा प्रवास कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या सहीवर उभा होता. लेखात आम्ही व्हिसाच्या रांगेची गंमत लिहिली, सहीबद्दल लिहिले नाही.

दुसरे, पिशवीचे वजन. पाठीवर दहा किलोंपेक्षा अधिक घ्यायचे नाही असा आमचा निश्चय होता. त्यातले जवळजवळ चार किलो आमचे नव्हतेच. निघण्याच्या आधी शिरपूर तालुक्यात, तापीकाठच्या त्याच्या गावी आम्ही त्याच्या आईला भेटायला गेलो. तिने बिबड्या, मुगाच्या वड्या, कळण्याचे पीठ आणि काळ्या मसाल्याचे दोन डबे जुन्या साडीच्या तुकड्यांत बांधून तयार ठेवले होते. आम्ही पिशवी लहान असल्याची कुरकुर केली. आखाजी नुकतीच होऊन गेली होती, अंगणातल्या निंबाला झोका अजून तसाच होता. म्हातारी आमच्या हातात गाठोडे देत म्हणाली, "मुराळी जाई ऱ्हायना तू. त्याले लई ये."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि सासुरवाशिणींनी माहेरी येण्याचा तो सण आहे. त्या सणाला मुलीला आणण्यासाठी माहेरचा जो मनुष्य जातो तो मुराळी. भाऊ असेल, चुलतभाऊ असेल, कोणी नसेल तर गावातला एखादा विश्वासाचा माणूस असेल. मुराळ्याचे काम दिसते तितके सोपे नसते. त्याला सासरच्या ओसरीवर बसून मुलगी कशी आहे हे न विचारता ओळखावे लागते. तिने न सांगितलेले घरी येऊन सांगावे लागते, आणि सांगण्यासारखे नसेल तर पोटात ठेवावे लागते. सासरच्यांनी 'यंदा नाही पाठवत' म्हटले तर रिकाम्या हाताने परतावे लागते. बहिणाबाईंच्या कवितेत माहेरच्या वाटेला जे महत्त्व आहे ते ठाऊक असणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पण त्या वाटेवरून चालणाऱ्या मुराळ्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या, डच नागरिक झालेल्या, वनस्पतिरोगांचा अभ्यास करणाऱ्या पुरुषाला त्याच्या आईने सासुरवाशिणीच्या जागी बसवले, याचे आम्हांला त्या वेळी हसू आले. आता ते येत नाही.

मित्राची आणि आमची ओळख धुळ्याची. तो कृषी शाखेचा, आम्ही कला शाखेचे. देवपुरात एका खोलीत दोन वर्षे राहिलो. तो अहिराणी बोलणारा, आम्ही यावलकडचे, तावडी बोलणारे. परस्परांच्या बोलीची थट्टा करणे हा तेथला रोजचा करमणुकीचा कार्यक्रम होता. संध्याकाळी पांझरेच्या पुलावर जाऊन बसायचे, परत येताना आग्रा रोडवर एका चहात दोघांनी भागवायचे. राजवाडे संशोधन मंडळाची वाट त्यानेच आम्हांला प्रथम दाखवली. गावोगाव एकट्याने हिंडून दप्तरे गोळा करणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, हे एका कृषी शाखेच्या विद्यार्थ्याकडून कळावे याची आम्हांला तेव्हा लाज वाटली होती.

वाखेनिंगन हे गाव लहान आहे. तेथे रेल्वे नाही. एडे-वाखेनिंगन नावाच्या स्टेशनावर उतरून बसने जावे लागते. गावाच्या दक्षिणेला ऱ्हाइनचा एक फाटा वाहतो. शेतीच्या अभ्यासासाठी त्या विद्यापीठाचे नाव जगभर आहे, आणि केळीच्या मर रोगावर तेथे मोठे काम चालते. या रोगाच्या जुन्या प्रकाराने विसाव्या शतकाच्या मध्याला 'ग्रो मिशेल' नावाची केळी जगाच्या व्यापारातून संपवली. तिच्या जागी 'कॅव्हेंडिश' गटातील केळी आली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्याही मुळाशी लागला आहे. २०१९ साली तो कोलंबियात पोचल्याचे सिद्ध झाले, आणि त्याच्याही आधी तो भारतात, बिहारमध्ये, आढळला होता. केळीला बी नसते. कंदापासून किंवा प्रयोगशाळेतल्या ऊतीपासून वाढवलेले प्रत्येक झाड मूळ झाडाची तंतोतंत प्रत असते. म्हणून एक झाड ज्या रोगाला बळी पडते त्याला सगळी बाग बळी पडू शकते. मित्राने आम्हांला हे समजावून सांगितले ते दुकानातून आणलेल्या केळीच्या फणीवर बोट ठेवून. फणीवर इक्वाडोरचे लेबल होते. तो म्हणाला, "रावेरचं आणि हे, एकाच रक्ताचं. घर तेवढं वेगळं."

हे सगळे लेखात का आले नाही? आम्ही प्रामाणिकपणे आठवून पाहिले. लिहिताना आमच्या मनात असे होते की वाचकाला हॉलंड हवे आहे, रावेर-यावल नको आहे. वाचक परदेशाची माहिती घ्यायला येतो, तेथे आपल्याच जिल्ह्याच्या केळीचे काय सांगायचे? म्हणजे ज्या गोष्टीने आम्हांला तो देश खरोखर कळत होता तीच गोष्ट आम्ही स्थानिक म्हणून बाजूला काढली. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलेला प्रश्न होता, "आवंदा कांदेबाग कसा शे?" हा प्रश्न शास्त्रज्ञाचा होता, शेतकऱ्याच्या मुलाचा होता आणि घरी न जाता येणाऱ्या मनुष्याचाही होता. परदेशस्थ मराठी माणसाविषयी जी पुस्तके आपण वाचतो त्यांत त्याला गावाची ओढ असते असे ठोकळपणे लिहिलेले असते. ओढ म्हणजे नेमके काय, हे त्या एका प्रश्नात होते.

तिसऱ्या दिवशी त्याने भरीत केले. हरितगृहातले काळे-जांभळे वांगे विजेच्या भट्टीत भाजले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याला ठाऊक होते. त्यावर तो हसून म्हणाला की मानांकन वांग्याला मिळाले, कपाशीच्या काड्यांच्या धुराला मिळायला हवे होते. भरीत बेचव झाले होते. आम्ही चांगले झाले म्हणालो. वहिनी पुण्याकडच्या, त्यांनी पहिल्या घासालाच खरे ते सांगून टाकले. त्यांची बारा वर्षांची मुलगी कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा शिष्टाचार म्हणून खाऊन उठली आणि डच भाषेत फोनवर बोलू लागली. तिचीच खोली आम्हांला दिलेली होती.

आता त्या रात्रीकडे यावे लागेल.

एप्रिल २०२१ मध्ये, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, मित्राचे वडील गेले. त्या आठवड्यांत भारतातून येणारी विमाने अनेक देशांनी बंद केली होती. तो निघाला असता तर परत कधी जाता येईल याची खात्री नव्हती, आणि निघाला असता तरी अंत्यविधीला पोचला नसता. आम्ही जळगावहून गेलो. स्मशानात चौघांनाच परवानगी होती. चुलतभावाने अग्नी दिला आणि आम्ही मोबाइल उंच धरून उभे राहिलो, त्याला दिसावे म्हणून. काही मिनिटांनी चित्र तुटले. नंतर त्याने लिहिले, रेंज गेली वाटते, असू दे. आम्ही उत्तर दिले, हो.

रेंज गेली नव्हती. आमच्याने हात वर धरवला नाही. आम्ही फोन बंद केला होता.

दोन वर्षे हे आमच्यापाशी होते. चौथ्या रात्री, वहिनी आणि मुलगी झोपल्यावर, तो भांडी विसळत होता. पाठमोराच म्हणाला, "त्या दिवशी रेंज गेली होती ना?" आता आम्हांला वाटते की त्याला सगळे ठाऊक होते. आम्ही खरे सांगितले. तो काही बोलला नाही. उरलेली भांडी विसळली, हात पुसले, आणि शेवटी इतकेच म्हणाला, "माय काय म्हनस? एकटी झोपस का?" मग आम्ही त्याच्या आईविषयी उशिरापर्यंत बोललो. सकाळी तो सायकल हातात धरून आमच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आला.

दिवाळी अंकातील लेखात बसथांबा आहे. पहाटेचे धुके आहे, नदीवरून येणारा वारा आहे आणि 'एकट्या प्रवाशाच्या मनातील अनामिक हुरहूर' आहे. ती हुरहूर अनामिक नव्हती. तिला नाव होते, आणि नाव लिहिण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही, म्हणून आम्ही तिला अनामिक म्हटले. आमच्या मते मराठी प्रवासवर्णनातील पुष्कळशी अनामिक हुरहूर अशीच जन्माला येते. विद्यार्थ्यांनी हा शब्द पाहिला की तेथे थांबावे आणि लेखकाने येथे काय झाकले आहे हे विचारावे, अशी आमची सूचना आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. यजमानाने घरात घेतले ते विश्वासाने. त्याचे स्वयंपाकघर, त्याचे दुःख, त्याची मुलगी चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार पाहुण्याला कोणी दिला? जुन्या लेखकांनी आभार मानून पडदा ओढला तो सभ्यतेने ओढला असेल. हे आम्ही मान्य करतो. मुराळ्यानेही सगळे सांगायचे नसतेच. पण मौनाचे दोन प्रकार असतात. एका मौनात वाचकाला कळते की येथे एक घर होते, त्यात माणसे होती, त्यांच्याविषयी लेखक बोलणार नाही. दुसऱ्या मौनात घरच नाहीसे होते आणि त्या जागी लेखकाचे एकाकी धैर्य उभे राहते. पहिले मौन सभ्यतेचे आहे. दुसऱ्यात यजमानाचे श्रम लेखकाच्या नावावर जमा होतात. आमचा लेख दुसऱ्या जातीचा होता.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. असे लिहू लागलो तर प्रवासवर्णन आणि आत्मचरित्र यांतली सीमा पुसली जाईल. पुसली जावी. खानदेशच्या साहित्याने ही सीमा फारशी कधी मानलेली नाही. सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू' या २०१० साली आलेल्या कादंबरीचा नायक मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, आणि वडील अत्यवस्थ असल्याच्या बातमीने गावाकडे निघतो. पाच हजार वर्षांचे उत्खनन आणि बापाचे मरण तेथे एकाच वाटेवर येतात. परदेश आणि गाव ही दोन वेगळी प्रकरणे करता येत नाहीत, हे आपल्या कादंबरीला कळले आहे. आपल्या प्रवासवर्णनाला ते कळायला हरकत नसावी. यजमानाच्या बाजूने पाहण्याची वाटही आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. मीना प्रभू यांचे 'माझं लंडन' तेथे राहणाऱ्या बाईने लिहिले आहे, आणि पाहुण्याला जे दिसत नाही ते त्यामुळेच त्यात येऊ शकले.

यंदापासून आम्ही प्रवासवर्णनाच्या तासाला एक लहानसा स्वाध्याय देऊ लागलो आहोत. नेमलेल्या उताऱ्यातील लेखक कोठे झोपला, काय जेवला, ते कोणी केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढे शोधायचे. बहुतेक वेळा उत्तर सापडत नाही, आणि ते सापडत नाही हेही लिहायचे. एका विद्यार्थिनीने लिहिले की तिचा मामा सुरतेला असतो, त्यांचे सारे घर सुट्टीत त्याच्याकडे जाते आणि सुरत पाहून येते, पण मामीने सुरत पाहिली आहे का हे तिने कधी विचारले नव्हते. तिला पूर्ण गुण दिले.

एकट्याने प्रवास करू नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर करावा, पाठीवर आपले ओझे आपण घ्यावे, परक्या स्टेशनावर रात्री तासभर घाबरावे, त्याने माणूस थोडा सरळ होतो. पण परत येऊन लिहिताना पिशवीतील कोणते ओझे कोणी भरून दिले आणि ते कोणाच्या घरी उतरवले, ते विसरू नये. आम्हांला त्याच्या आईने मुराळी म्हणून पाठवले होते. आम्ही त्याला आणू शकलो नाही. निदान निरोप तरी नीट पोचवायचा होता. परतल्यावर आम्ही तापीकाठी गेलो तेव्हा म्हातारीने फोटो पाहिले नाहीत, लेखही नंतरच मागितला. तिने एवढेच विचारले की तो जाड झाला की बारीक. आम्ही म्हणालो, बारीक झाला आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही.

हा लेख येथे देण्याआधी आम्ही मित्राकडे वाचायला पाठवला. त्याने दोन वाक्ये काढायला सांगितली, एक वहिनींविषयीचे आणि एक त्याच्या वडिलांविषयीचे. ती काढली आहेत. फोन बंद केल्याचे वाक्य काढू का, असे आम्ही मुद्दाम विचारले. तो म्हणाला, राहू दे.